ठासणीच्या बंदुकीत गोळीच्या चिंधीले काय लावावं? जवस, एरंडेल, मेण का चरबी

धुऱ्यावरची_जागल (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा टाकून राहिलो.

आमच्या घरी आजोबापासूनची भरमार आहे, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायची बंदूक, टोपीवाली (घोडा लहानशा टोपीवर पडला की ठिणगी उडून दारू पेटते), पीक संरक्षणाच्या लायसनवर. बाबाचं वय झालं म्हणून आता माझ्या नावावर आली. बारा बोरची, साधी गुळगुळीत नळी, आत खाचा नाहीत. वावर जंगलाले लागून, तूर शेंगेवर आली की डुकरं रातभर, अन् रोही तर दिवसाढवळ्या उभ्या पिकात. जागलीले बसलो की नुसता बार काढतो, बंदुकीची दारू अन् वरून काथ्याचा बोळा, आवाजानंच पळतात. गोळी भरायची ती फक्त वनखात्याचं लेखी पत्र हातात असलं तर. पण पत्र आलं त्या दिवशी गोळी नेमकी जिथं पाहिजे तिथंच गेली पाहिजे ना भाऊ. जखमी डुक्कर तुरीत घुसलं तर सकाळी निंदायले येणाऱ्या बायांच्या जिवावर येते, अन् त्या जनावराचेही हाल. म्हणून वावरातल्या मातीच्या बांधावर बंदूक नीट लागते का ते पाहून राहिलो होतो.

तर झालं असं की पहिला बार मस्त गेला. दुसऱ्याले गज (गोळी खाली ठासायची सळई) जरा जड गेला. तिसऱ्याले गोळी चिंधीसकट (गोळीभोवती गुंडाळतो ते तेलकट कापड) अर्ध्या नळीत जाऊन थांबली. गज ठोकला तर नुसता टण्ण वाजला, सरकला नाही. आमच्या गजावर आजोबानं कानसीनं एक खूण करून ठेवली आहे, गोळी दारूवर नीट टेकली की ती खूण नळीच्या तोंडाशी येते. त्या दिवशी ती वीतभर वर होती. बाबा म्हणत होते उडवून टाक, निघून जाईन. माझं मन नाही झालं. निपल (ज्याच्यावर टोपी बसते ते) खोललं, तिथून पाणी सोडून दारू भिजवली, अन् दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं गजाले स्क्रू लावून गोळी उपसून काढली. तोवर झोप नाही लागली.

चिंधी आम्ही जवसाच्या तेलात बुडवत होतो, आजोबाही तेच करत. कधी तेल नसलं तर ट्रॅक्टरचं मोबिल. कापड म्हणजे जुन्या शर्टाचं जे हाती लागन ते. आता सांगा, चुकते कुठं? तेल कोणतं, लावायचं किती, अन् कापडानं फरक पडते का?

लेथवाला_अकोला

आधी एक बोलतो भाऊ, तू ती गोळी उडवली नाही हे फार मोठं काम केलं. गोळी अन् दारूच्या मधात रिकामी जागा राहिली की नळी त्या जागी फुगते, नाहीतर फाटते. माझ्याकडे एक नळी आली होती, मधोमध फुगलेली, अंडं गिळलेल्या सापासारखी. चालवणाऱ्याची बोटं वाचली होती, नळी गेली ती गेलीच. आजोबाची खूण कधी पुसू देऊ नको, पुसट झाली तर परत कोर.

मोबिल बंद कर आजच्या आज. बंदुकीच्या काळ्या दारूसंगं खनिज तेल जळलं की डांबरासारखा चिकट थर बसते, कानशीनं खरवडल्यासारखा काढा लागते. मशीनवर ते तेल चांगलं, इथं नाही.

परीक्षानळी (वर्धा)

मी बंदूक कधी हातात धरलेली नाही, पण रसायनशास्त्र शिकवते, आणि जवस वाचलं म्हणून थांबवलं नाही. जवसाचं तेल हे सुकणारं तेल आहे. म्हणजे ते पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याची साय होते, मग कडक पापुद्रा. म्हणून तर ते रंगात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये वापरतात. गावाकडे गाडीच्या लाकडाला जवस चोळतात तेही त्याचसाठी. तेलाचा आयोडीन अंक जितका जास्त तितकं ते जास्त सुकतं: जवसाचा १७० च्या पुढे, करडईचाही बऱ्यापैकी वर, एरंडेलाचा ८५ च्या आसपास, खोबरेलाचा १० च्या आसपास. तुमच्या नळीत आतून वर्षानुवर्षं वॉर्निश चढत आलं असणार.

दुसरं असं की काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती पूर्ण जळून वायू होत नाही, निम्म्याहून जास्त वजन घनरूपात मागे राहतं, मुख्यतः पोटॅशियमचे कार्बोनेट आणि सल्फेट, थोडे सल्फाइड. हे सगळे क्षार. कोरड्या हवेत खडखडीत कवच होतं, दमट हवेत ते ओल ओढतात आणि लोखंड गंजतं. म्हणजे चिंधीवरच्या वंगणाचं खरं काम गोळी घसरवणं नाहीच, ते कवच मऊ ठेवणं आहे. तुमचा दुसरा बार जड गेला तो गोळी मोठी म्हणून नाही, पहिल्या बाराचं कवच सुकलं म्हणून. हिवाळ्यातली आपली कोरडी हवा, त्यात ते आणखी लवकर सुकतं.

ओहायोतला_वऱ्हाडी

ताईनं मुळावर बोट ठेवलं. मी मूळचा दारव्ह्याकडचा, इकडे येऊन बारा वर्षं झाली, क्लबात ०.५० इंचाची फ्लिंटलॉक (टोपीऐवजी गारगोटीच्या ठिणगीनं पेटणारी) चालवतो, खाचावाली, म्हणजे नळीतल्या पीळदार खाचा गोळीले गिरकी देतात. इकडे हा मोठा छंद आहे, इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाचं एक लहानसं गाव आहे तिथं नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचं मैदान आहे, संस्था १९३३ ची, आणि तिथं चिंधीच्या वंगणावरून लोक अर्धा अर्धा दिवस वाद घालतात.

खाचावाल्या नळीत चिंधीचं काम जास्त नाजूक असतं. गोळी नळीपेक्षा मुद्दाम लहान घ्यायची, माझ्या ०.५० ले ०.४९० ची. उरलेली फट चिंधी भरते, तीच खाचांमध्ये दबून बसते, पीळ तीच धरते आणि गोळीले देते. शिसं नळीले लागतच नाही. चिंधी जळली की पीळ गेला, धूर पुढून निसटला, गोळी कुठंही. तुझ्या गुळगुळीत नळीत पीळ नाही, पण फट बंद करणं अन् गोळी मधोमध ठेवणं हे काम तेच. बारा बोर म्हणजे एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एकीचा जो व्यास तो, साधारण साडेअठरा मिलिमीटर. तुझी गोळी त्याहून किती लहान आहे ते मोज, जो फरक येईल त्याचं अर्धं म्हणजे चिंधीची जाडी धर.

अन् कापड आधी, तेल नंतर. हे मी फार उशिरा शिकलो. दोन वर्षं मी वंगणाच्या डब्या बदलत बसलो अन् दोष होता पातळ कापडाचा. शंभर टक्के सुती, घट्ट विणीचं पाहिजे. इकडे उशी-गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्याचं कापड वापरतात, म्हणजे आपला गादीपाटच. दाबून मोजलं तर ०.०१५ ते ०.०१८ इंच, मिलिमीटरमध्ये ०.३८ ते ०.४६. जुना शर्ट म्हणशील तर त्यात पॉलिस्टर हमखास असते, ते वितळून नळीले चिकटते.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. बार झाल्यावर पुढं जाऊन चिंधी शोध. दहा-पंधरा पावलांवर पडलेली असते. तीच तुले सगळं सांगन. मधात काळा गोल ठसा, कडा उसवलेल्या, बाकी कापड शाबूत, म्हणजे सगळं ठीक. मधात भोक जळलेलं असलं तर वंगण कमी किंवा कापड पातळ. कडेनं सरळ चिरा असल्या तर नळीच्या तोंडाशी धार आहे, ती मिस्त्रीकडून मोडून घे. चिंध्याच सापडत नाहीत, नुसते धागे, तर कापडच कुचकं.

धुऱ्यावरची_जागल

बाप्पा, चिंधी शोधायची हे कोणीच सांगतलं नव्हतं कधी. आज संध्याकाळी बांधाकडे जाऊन आलो. त्या दिवशीच्या दोन चिंध्यांपैकी एक सापडली, बोरीच्या काट्याले अडकली होती. मधात रुपयाएवढं भोक, कडा कोळसा झालेल्या, अन् एका बाजूनं कापड वितळून मण्यावानी गोळा झालेलं. शर्ट टेरीकॉटचाच होता. हातात धरून बसलो जरा वेळ. आजोबा धोतराच्या चिंध्या वापरत, शंभर टक्के सुती. आम्ही कापड बदललं अन् समजलोच नाही की काही बदललं म्हणून.

मेळघाटी (धारणीकडे)

आमच्याकडे जुनी माणसं आग्या मोहोळाचं मेण अन् टोळीचं तेल एकत्र करत, मोहाच्या टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं. वास खूप येते पण काम देते. अडचण एक, टोळीचं तेल थंडीत थिजते अन् मे महिन्यात पाण्यावानी होते. मेण मात्र साठ डिग्रीच्या वर गेल्याशिवाय पाघळत नाही, म्हणून विदर्भाच्या उन्हाळ्यात मेण पाहिजेच. मेण आणलं की आधी पाण्यात उकळून फडक्यातून गाळून घ्या, त्यात माती, मेलेल्या माश्या, मध सगळं असते, मध राहिला तर नळीत चिकटते.

बकऱ्याची चरबीही चालते. पण कढवताना मीठ नको, खाटकाकडून आणलेल्या चरबीले मीठ लावलेलं नाही ना ते विचारा. मीठ गेलं की आठ दिवसात नळी लाल.

मास्तर_वाशीम

चरबीचा विषय निघाला म्हणून राहवत नाही. १८५७ चा भडका याच वंगणावरून उडाला. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड, ०.५७७ इंचाची, तिचं काडतूस कागदाचं. गोळीकडच्या टोकाच्या कागदाला चरबी लावलेली, ती गोळी सुलभ खाली जावी म्हणून, आणि दारूकडचं टोक शिपायानं दातानं तोडायचं. चरबी गाईची की डुकराची या संशयानं पलटणी पेटल्या. जानेवारी १८५७ मध्येच शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण बाजारातून आणून स्वतः लावावं अशी मुभा दिली होती, पण तोवर विश्वास उडाला होता. २९ मार्चला बराकपूर, १० मेला मेरठ. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही इथं शोधताय, म्हणजे कोणतं वंगण लावू, ते त्या शिपायांना आधी कोणी विचारलंच नाही. एवढंच. विषयावर या.

थेंबभर

आमचे एक काका स्पर्धेत चालवत, ते तर नुसती थुंकी लावत. चिंधी तोंडात धरायची, ओली करायची, गोळी ठासायची. मग एवढा खटाटोप कायले?

ओहायोतला_वऱ्हाडी

थुंकी खरंच चांगली, पाणीच आहे ते, कवच विरघळवते. मी पण टार्गेटवर कधी कधी तेच करतो. पण भरल्या भरल्या बार काढायचा असला तरच. भरून अर्धा तास थांबलास तर ओल दारूत उतरते अन् उरलेली वाळून जाते. जागलीवाल्याले कामाचं नाही, त्याले पत्र मिळालं तर माळ्यावर चार-चार तास भरून बसा लागते. त्याच्यासाठी न वाळणारं, न उडणारं, न पाघळणारं वंगण पाहिजे. म्हणजे एरंडेल अन् मेण.

आणि एरंडेल तुमच्याकडे किराण्यात मिळते, इकडे मी औषधाच्या दुकानातून महाग घेतो. जाड तेल आहे, बाराच्या उष्णतेतही कापडाले धरून राहते.

थंडीत मेण कमी घ्या, उन्हाळ्यात जास्त. इकडे डिसेंबरात बर्फात उभं राहून भरतो तेव्हा मेण जास्त झालं तर चिंधी पुठ्ठ्यावानी होते, गोळी आत जात नाही. तुमच्याकडे उलटं, मे मध्ये एरंडेल जास्त झालं तर तेल झिरपून दारूत.

लेथवाला_अकोला

अजून एक रस्ता सांगतो, आमच्या धंद्यातला. लेथवर कापताना जे पांढरं दूध वाहते ना, पाण्यात मिसळणारं कटिंग ऑइल, त्याचं एक भाग अन् सात भाग पाणी, त्यात कापडाची पट्टी बुडवायची, सपाट फळीवर वाळवायची. दोरीवर नाही टांगायची, तेल खाली उतरून एका कडेले जमते. पाणी उडून जाते, तेल धाग्यात सारखं पसरून राहते. चिंधी हाताले कोरडी लागते, दारूत काही उतरत नाही. तुम्ही म्हणाल आताच खनिज तेल नको म्हणाला, ते खरं आहे, पण यात साबणासारखं द्रव्य असते म्हणून पाण्यात मिसळते, अन् कापडावर उरते ते अगदी थोडं. माझ्या ओळखीतल्या एकानं वापरलं, डांबर झालं नाही.

धारणीचा_वाटाड्या

कायद्याचं पण एकदा लिहून ठेवा नवीन वाचणाऱ्यासाठी. शस्त्र कायदा १९५९ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचं लायसन आहे, पण ते लायसन म्हणजे शिकारीची परवानगी नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अन् रोही दोन्ही वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत, लेखी आदेशाशिवाय हात लावता येत नाही. नुकसान झालं तर आधी पंचनामा करून भरपाईचा अर्ज टाका.

धुऱ्यावरची_जागल

तीन आठवडे झाले, आता केलं ते सगळं लिहितो.

बाजारातून दोन मीटर गादीपाट आणला, निळ्या पट्ट्याचा. दुकानदारासमोरच एक धागा ओढून काडी लावली, कागद जळल्याचा वास आला अन् राख चिमटीत भुरभुरली, गाठ नाही झाली, म्हणजे सुती. घरी आणून दोनदा गरम पाण्यात धुतला, खळ निघाली तर पाणी पिठाच्या पेजेवानी झालं. वाळल्यावर लेथवाल्या भाऊच्या सांगण्यावरून तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये मोजून घेतला, दाबून ०.४५ मिलिमीटर. माझी गोळी साडेसतरा, नळी साडेअठराले जराशी कमी, म्हणजे जमलं.

वंगण असं केलं. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, त्यात टिनाचा डबा, डब्यात गाळलेलं मेण एक भाग अन् एरंडेल तीन भाग, वजनानं. सरळ आगीवर नाही ठेवलं, मेण पेट घेते. विरघळल्यावर काडीनं ढवळलं, एक थेंब थंड ताटलीवर टाकून पाहिला, बोटानं दाबला तर लोण्यासारखा पसरला पाहिजे, तुटला नाही पाहिजे. कापडाचे चार सेंटिमीटरचे गोल कापले होते, गोळीच्या सव्वादोन पट. ते डब्यात बुडवले अन् काढून दोन फळ्यांच्या मधात दाबून जास्तीचं पिळून टाकलं. इथंच माझं पहिल्या खेपेस चुकलं होतं, पिळलं नाही, चिंध्या ओल्या चिंब, अन् बार असा आला की टोपी फुटली, मग एक श्वासाचा वेळ गेला, मग फुस्स. दारूत तेल उतरलं होतं. आता चिंधी हातात घेतली की अंगठ्याले चमक येते पण थेंब नाही पडत, तेवढीच ठेवतो.

जास्त वेळ भरून ठेवायची असली तर दारूवर आधी कोरड्या गादीपाटाची एक चकती, तिच्यावर वंगणाची चिंधी अन् गोळी. काथ्याचा बोळा बंद केला. तो जळत बाहेर पडते अन् चैत्रात वाळलं गवत पेटते, बाजूच्या गावात एकाची गंजी अशीच गेली.

दर बारानंतर एक ओली चिंधी, मग एक कोरडी, गजाले लावून नळीतून फिरवतो. घरी आलो की निपल खोलून गरम पाणी, आधी काळं निघते, मग राखाडी, मग स्वच्छ. वाळवून शेवटी एरंडेलाचा हलका हात. एक दुःख सांगतो. मागच्या निवडणुकीत सगळ्यांसारखी आमचीही बंदूक ठाण्यात जमा होती, दोन महिने. घाईघाईत मी नळी न धुता दिली, अन् तिकडं ती ओल्या भिंतीले टेकवून ठेवलेली. परत आली तर आत हात काळा-लाल. आजोबानं पन्नास वर्षं जपलेली नळी. आता जमा करायच्या आदल्या दिवशी धुवून, तेल लावून, तोंडाले मेणाचा बूच लावून देणार.

परवा बांधावर पाच गोळ्या चालवल्या. बाबा खाटेवर बसून पाहत होते, मधात बोलले नाहीत. प्रत्येक बाराले गज एका हातानं खुणेपर्यंत गेला, पाचव्यालेही. पाच पैकी चार चिंध्या सापडल्या. एक तुरीच्या सरीत, एक नांगराच्या ढेकळावर. मधात काळा ठसा, कडेनं झालर सुटलेली, निळे पट्टे अजून दिसत होते.

ओहायोतला_वऱ्हाडी

पाचवी चिंधी पण शोध रे. वाऱ्याच्या दिशेनं जा.

मेळघाटी

उन्हाळ्यासाठी मेण वाढव. एकास तीन हे थंडीचं झालं. अक्षय तृतीयेनंतर एकास दोन कर, अन् डबी खिशात नको ठेवू, पाण्याच्या माठाजवळ ठेव.

धुऱ्यावरची_जागल

पाचवी सापडली. बाबाच्या हातात होती. ते मी यायच्या आधी सकाळी पायीच बांधापर्यंत जाऊन आले, अन् आता चष्मा लावून उलटीसुलटी करून पाहून राहिले.